सोमालियातली मदत नेमकी चालते कशी, आणि उशिरा का पोहोचते

परवा फॅमिली ग्रुपवर मी सोमालियातल्या दुष्काळाची एक बातमी टाकली तर मावशीचा लगेच मेसेज आला, "अगं या बातम्या मी शाळेत असल्यापासून वाचतेय, जगभरातून एवढी मदत जाते तिकडे, मग लोक अजून उपाशी कसे? पैसे खातं कोण?" प्रश्न अगदी रास्त आहे, माझ्याही मनात बरीच वर्षं होता. पण ग्रुपवर दोन ओळीत उत्तर देता येईना म्हणून हे सविस्तर लिहितेय. पैसे खाणारे आहेत, त्यांच्याबद्दलही सांगते, पण मला वाचून वाचून जे कळलंय ते असं की सगळ्यात मोठी गडबड वेळेची आहे. मदत जाते, पण बहुतेक वेळा घर सुटल्यावर जाते. आणि घर सुटायच्या आधी पोहोचलेली मदत आणि नंतर पोहोचलेली मदत यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आधी तिथला पाऊस समजून घेऊ. आपल्यासारखा एक मान्सून नाही, पावसाचे दोन हंगाम असतात. एप्रिल ते जूनच्या पावसाला सोमाली लोक 'गू' म्हणतात आणि ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसाला 'देयर'. गू मोठा, देयर छोटा. एखादा हंगाम कोरडा गेला तर लोक कसंबसं निभावतात, कोरड्या मुलखात राहण्यात त्यांच्या पिढ्या गेल्यात. दोन गेले की जनावरं मरायला लागतात. 2020 च्या देयरपासून 2022 च्या देयरपर्यंत लागोपाठ पाच हंगाम गेले, चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. आणि यातली एक गोष्ट आपल्याशी जोडलेली आहे बघा, ती तीन वर्षं ला निनाची (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा थंड पडतं ती स्थिती) होती, म्हणजे भारतात पाऊस चांगला झाला, आपली धरणं भरली, आणि समुद्राच्या पलीकडे त्याच ला निनाने पूर्व आफ्रिकेचा पाऊस तोडला. मग 2023 ला एल निनो (त्याच्या उलट, पाणी गरम) आला, तेव्हा भारतात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट गेला आणि सोमालियात त्याच वर्षाच्या शेवटी पूर आले, बेलेदवेन हे अख्खं शहर शाबेले नदीच्या पाण्यात गेलं. एकाच आभाळाचे खेळ आहेत हे, फक्त पाळी आलटून पालटून येते.

घर कसं सुटतं

आता समजा दक्षिण सोमालियातल्या बे किंवा बकूल भागातलं एक कुटुंब आहे. पंचवीस-तीस शेळ्या, एखाद-दुसरा उंट, थोडी जमीन, त्यात ज्वारी. हो, ज्वारीच, त्या भागाचं मुख्य पीक तेच आहे. पाऊस गेला की आधी चारा संपतो, मग शेळ्यांचं दूध आटतं, आणि पहिला फटका बसतो लहान पोरांना कारण त्यांचं पोट बरंचसं दुधावरच असतं. मग घरातला बाप जनावरं घेऊन लांब पाण्याच्या शोधात जातो, बायका-पोरं आणि म्हातारी माणसं मागे राहतात. काही शेळ्या विकायला काढतात, पण तेव्हा सगळा मुलूखच शेळ्या विकायला काढतो, त्याही हाडं निघालेल्या, मग भाव पडणारच, आणि त्याच बाजारात ज्वारीचा भाव रोज वर. दुष्काळी वर्षात आपल्याकडचा जनावरांचा बाजार ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं समजवायला नको, दावणीची जोडी कवडीमोलाने जाते आणि कडब्याची पेंडी सोन्याच्या भावाने येते.

त्यानंतर दुकानदाराची उधारी, मग दुकानदारच हात वर करतो. तीनाचे दोन वेळ जेवण, दोनाचं एक. मग पुढच्या पेरणीसाठी ठेवलेलं बियाणं दळून खातात. मग शेवटची शेळी. या शेवटच्या शेळीपाशी नीट थांबून विचार करा, कारण ती गेली की पाऊस आला तरी घरी राहण्यात अर्थ उरत नाही, खायला काही नाही आणि पुन्हा सुरू करायलाही काही नाही. आणि घरदार सोडून निघायची वेळ येते ती नेमकी या टप्प्यावर, म्हणजे अंगात चालायची ताकद सगळ्यात कमी असते तेव्हा. 2011 साली दक्षिण सोमालियातून केनियाकडे निघालेल्या आया कित्येक दिवस पायी चालत होत्या, आणि वाटेत मूल गेलं की रस्त्याकडेला पुरून बाकीच्यांना घेऊन पुढे जात होत्या.

पण नुसता पाऊस गेला म्हणून एवढं होत नाही. दुष्काळात माणूस तग धरतो तो उधारी, बाजार, नातेवाईक आणि रस्ता यांच्या जोरावर, आणि लढाई नेमकं तेच सगळं तोडते. सोमालियात 1991 मध्ये सियाद बर्रेचं सरकार पडलं त्यानंतर देशभर चालेल असं सरकार बरीच वर्षं नव्हतंच, पुढे अल-शबाब ही सशस्त्र संघटना वाढली, आजही ग्रामीण दक्षिणेतला मोठा भाग तिच्या हातात आहे. ती पिकावर आणि जनावरांवर कर घेते, दुष्काळातही घेते. बकूलमधल्या हुदूर गावाला तर तिने वर्षानुवर्षं वेढा घातला, रस्त्याने माल येऊ द्यायचा नाही, मग तिथे धान्य विमानाने न्यावं लागतं. ज्या गावाला ट्रक जाऊ शकतो तिथे विमान पाठवायचं म्हणजे त्याच पैशात किती कमी धान्य पोहोचत असेल ते बघा.

निर्वासित कोण आणि विस्थापित कोण

हा भाग थोडा कायद्याचा आहे पण सोडू नका, कारण मदत कोणाला कशी मिळते ते बरंचसं यावर ठरतं.

वरच्या उदाहरणातल्या कुटुंबाने सीमा ओलांडली, केनियात किंवा इथिओपियात गेलं, तर ते निर्वासित. त्यांची नोंद होते, त्यांना परत हाकलून देता येत नाही, त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांची वेगळी संस्था आहे, यूएनएचसीआर. पण तेच कुटुंब सीमा न ओलांडता सोमालियातच बायडोआ शहरात किंवा राजधानी मोगादिशूला गेलं तर ते 'देशांतर्गत विस्थापित'. भूक तीच, झोपडी तीच, पण कायद्याने ते त्यांच्याच सरकारची जबाबदारी, आणि ते सरकार स्वतःच कमकुवत. जगभरात 2024 च्या शेवटी घर सोडावं लागलेल्यांची संख्या 12 कोटींच्या वर होती आणि त्यातले 7 कोटींहून जास्त लोक आपल्याच देशात विस्थापित होते. आपल्या मनात निर्वासित म्हटलं की युरोपला निघालेली बोट येते, खरं चित्र असं की बहुतेक लोक आपल्याच देशात किंवा फार तर शेजारच्या देशात अडकलेले असतात.

अजून एक गोम आहे. 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारात निर्वासिताची जी व्याख्या आहे ती छळाची आहे, म्हणजे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट समाजगटातलं असणं यामुळे छळ होण्याची भीती. त्यात दुष्काळाचा शब्द नाही. शेळ्या मेल्या म्हणून आलो असं सांगणारा माणूस त्या व्याख्येत बसत नाही. आफ्रिकेतल्या देशांनी मात्र 1969 मध्ये आपला वेगळा करार केला आणि त्यात व्याख्या मोठी केली, देशातली सार्वजनिक व्यवस्थाच कोलमडली असेल तर तेवढंही कारण पुरतं. त्यामुळे सोमालियातून केनियात आलेल्यांना प्रत्येकाचा छळ वेगवेगळा सिद्ध करत बसावं लागलं नाही, सरसकट निर्वासित मानलं गेलं. गरीब देशांनी श्रीमंत देशांपेक्षा मोठ्या मनाची व्याख्या केली, मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते आणि ती पुरेशी सांगितली जात नाही. (आपला भारत 1951 च्या करारात नाही, तरी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश लोकांपासून उल्हासनगरच्या सिंधी कॅम्पापर्यंत महाराष्ट्राने आसरा दिलेली माणसं आपल्या आसपासच आहेत.)

कॅम्पच्या दारात काय होतं

केनियाच्या गारिसा भागात दादाब नावाची जागा आहे, सीमेपासून शंभरेक किलोमीटरच्या आत. 1991-92 मध्ये तिथे छावण्या सुरू झाल्या, इफो, दागाहाले आणि हगाडेरा. साधारण 90 हजार माणसांच्या हिशोबाने बांधल्या होत्या. 2011 मध्ये तिथे साडेचार लाखांच्या वर लोक झाले, त्या वर्षी जून-जुलैत रोज हजाराच्या वर नवीन माणसं येत होती.

आलेल्या कुटुंबाची आधी नोंद होते, बोटांचे ठसे, फोटो, रेशन कार्ड. आणि मग मुलांच्या दंडाला टेप लावतात. ही टेप आपल्या अंगणवाडीत असते तीच, माझी वहिनी अंगणवाडी सेविका आहे, तिच्या पिशवीत कायम असते. हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे. डाव्या दंडाच्या मधोमध गुंडाळायची आणि टेपच्या खिडकीत कुठला रंग येतो ते बघायचं. साडेबारा सेंटीमीटरच्या वर हिरवा, साडेअकरा ते साडेबारा पिवळा म्हणजे 'मॅम', मध्यम तीव्र कुपोषण, आणि साडेअकराच्या खाली लाल म्हणजे 'सॅम', अतितीव्र कुपोषण. हे माप सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी. साडेअकरा सेंटीमीटर म्हणजे किती हे कळायला मी घरातली मेजरटेप घेऊन गोल करून बघितला, तो माझ्या मनगटापेक्षाही बराच लहान होता. चार वर्षांच्या मुलाचा दंड.

लाल आलं की पुढची परीक्षा भुकेची. मुलाला एक पॅकेट देतात, 92 ग्रॅमचं, प्लम्पीनट नावाचं. शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल आणि वरून जीवनसत्त्वं-खनिजं, एका पॅकेटमध्ये 500 कॅलरी. 1996 च्या सुमारास आंद्रे ब्रियाँ या फ्रेंच डॉक्टरांनी आणि न्यूट्रिसेट कंपनीने हे शोधलं. दिसायला साधी गोष्ट, आपल्या शेंगदाण्याच्या लाडवाची चुलत बहीण म्हणा, पण तिने सगळं बदललं कारण त्यात पाणी घालावं लागत नाही, शिजवावं लागत नाही, उन्हात लवकर खराब होत नाही. आधी अशी मुलं दवाखान्यात आठवडेच्या आठवडे ठेवावी लागायची, औषधी दूध द्यायला, आणि ते दूध घाण पाण्यात कालवलं की जुलाब ठरलेले. आता मुलाने पॅकेट स्वतःहून चोखून खाल्लं तर आईच्या हातात आठवड्याची पॅकेटं देऊन घरी पाठवतात, दर आठवड्याला परत बोलावतात. आणि खायलाच मागत नसेल, तोंड फिरवत असेल, तर ते मूल जास्त धोक्यात, त्याला वॉर्डात घेतात आणि पातळ औषधी दूध थोडं थोडं देतात. इथे घाई केली तर मूल दगावतं, फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर खायला घातलं की हृदयाला ते झेपतच नाही. भुकेल्याला पोटभर वाढणं हा आपला संस्कार आहे, पण इथे आईला समजावून सांगावं लागतं की आज एवढंच.

बाकीचा हिशोब असा असतो, माणशी दिवसाला 2100 कॅलरीचं रेशन (धान्य, डाळ, तेल, मीठ, आणि लहानांसाठी मका-सोयाबीनचं पीठ), किमान 15 लीटर पाणी, वीस माणसांमागे एक संडास. पाणी आणि संडास ऐकायला किरकोळ वाटतात पण छावण्यांमध्ये माणसं नुसती भुकेने क्वचित मरतात, भुकेने खंगलेलं शरीर गोवर, कॉलरा, न्यूमोनियाने मरतं. म्हणून नोंदणी झाली की गोवराची लस सगळ्यात आधी. आणि सरपण, याबद्दल कोणी बोलत नाही, रेशन मिळतं पण ते शिजवायला लाकूड लागतं आणि ते आणायला बायका छावणीबाहेर झुडपात लांब जातात, दादाबच्या आसपास कित्येक बायकांवर अत्याचार झाले ते याच वाटेवर. धान्य दिलं आणि चूल विसरलो तर असं होतं.

मग उशीर कुठे होतो

आपण मराठीत पाऊस नाही त्यालाही दुष्काळ म्हणतो आणि माणसं उपासमारीने मरतात त्यालाही दुष्काळच. मदतीच्या जगात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याला ते 'फॅमिन' म्हणतात आणि ते जाहीर करायला आयपीसी नावाची पाच पायऱ्यांची मोजपट्टी आहे. पाचवी पायरी फॅमिन, त्यासाठी तीन गोष्टी लागतात, किमान 20 टक्के घरांत अन्नाची टोकाची टंचाई, 30 टक्के मुलं तीव्र कुपोषित, आणि दहा हजार लोकांमागे रोज दोन मृत्यू. हे शेवटचं नीट बघा. दहा हजार वस्तीचं गाव धरा, रोज दोन मयती, महिन्याला साठ. एवढं झाल्यावर म्हणायचं की आता फॅमिन आहे. म्हणजे ती धोक्याची घंटा नाहीच, झालेल्या गोष्टीचा पंचनामा आहे.

2011 मध्ये हेच झालं. पाऊस कमी पडणार याचे इशारे 2010 च्या दुसऱ्या सहामाहीपासून येत होते, अभ्यासकांचे अहवाल एकामागून एक निघत होते. संयुक्त राष्ट्रांनी फॅमिन जाहीर केला 20 जुलै 2011 ला, दक्षिण बकूल आणि लोअर शाबेले या भागांमध्ये. मग टीव्हीवर फोटो आले आणि मग पैशांचा ओघ सुरू झाला. नंतर अभ्यास झाला तेव्हा कळलं की ऑक्टोबर 2010 ते एप्रिल 2012 मध्ये साधारण 2 लाख 60 हजार माणसं गेली, त्यातली निम्मी पाच वर्षांच्या आतली मुलं, आणि मेलेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक फॅमिन जाहीर व्हायच्या आधीच गेले होते. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे वाचवेना.

उशिराची कारणं बघायला गेलं तर पहिलं पैशाच्या व्यवस्थेत आहे. संयुक्त राष्ट्रांकडे या कामासाठी हक्काचा कर नाही. दरवर्षी ते हिशोब मांडून सांगतात की एवढे लोक, एवढा खर्च, आणि मग सरकारं मनाला येईल तेवढं देतात. अंदाजावर पैसे द्यायला कोणी तयार होत नाही, फोटोवर देतात. 2022 मध्ये तर युक्रेनच्या युद्धाने दोन्हीकडून मार दिला, देणगीदारांचं लक्ष आणि पैसा तिकडे गेला आणि सोमालियाचा जवळपास सगळा आयातीचा गहू रशिया-युक्रेनमधूनच येत होता, तोही महागला.

दुसरं कारण राजकारणाचं. अल-शबाबने 2010 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाला आपल्या भागातून बाहेर काढलं, 2011 च्या नोव्हेंबरमध्ये अजून बऱ्याच संस्थांवर बंदी घातली. आणि दुसऱ्या बाजूने अमेरिकेचे दहशतवादविरोधी कायदे, मदतीतला काही भाग चुकून जरी त्या संघटनेच्या हातात गेला तरी मदत संस्थेवरच खटला व्हायची भीती, त्यामुळे संस्था मागे सरल्या. दोन्हीकडच्या लोकांनी आपापले नियम पाळले आणि मधल्या पोरांना कोणी वाली उरला नाही. अमेरिकेने नियम सैल केले ते ऑगस्ट 2011 मध्ये, फॅमिन जाहीर झाल्यावर.

लवकर केलं तर काय होतं याचंही उदाहरण आहे, नाहीतर वाटेल की काहीच उपयोग नाही. 2017 मध्ये पुन्हा तशीच वेळ आली होती पण तेव्हा 2011 ची आठवण ताजी होती, पैसे वर्षाच्या सुरुवातीलाच आले, आणि फॅमिन टळला. 2022 मध्येही शेवटी मदत वाढवून फॅमिन जाहीर व्हायची वेळ येऊ दिली नाही. पण नंतरच्या अभ्यासात 2022 या एका वर्षात 43 हजार जास्तीचे मृत्यू झाल्याचा अंदाज निघाला, त्यातली निम्मी पुन्हा पाच वर्षांच्या आतली मुलं. पाचवी पायरी टळली याचा अर्थ सगळे वाचले असा होत नाही.

आता मावशीचा प्रश्न, पैसे खातं कोण. मोगादिशू आणि बायडोआतल्या विस्थापितांच्या वस्त्या बऱ्याचदा खासगी जमिनीवर असतात आणि तिथे एक 'गेटकीपर' असतो, झोपडीला जागा तो देतो आणि मदतीतला वाटा घेतो. कधी भाड्याच्या नावाने, कधी सुरक्षेच्या. ज्यांची जमात छोटी, ज्यांचा शहरात कोणी माणूस नाही, त्यांच्याकडून जास्त. हे सगळ्यांना माहीत आहे आणि लपवून उपयोग नाही. पण यावरून मदतच बंद करा म्हणणं मला पटत नाही, रेशन दुकानदार माप मारतो म्हणून आपण रेशन बंद करत नाही, माप तपासतो.

धान्य की रोख

पूर्वी मदत म्हणजे धान्याची पोती, जहाजाने केनियातल्या मोंबासाला किंवा मोगादिशूला, मग ट्रकने. अमेरिकेतून निघालेलं धान्य लाभार्थ्याच्या हातात पडायला कित्येक महिने जायचे. आता सोमालियात बरीच मदत मोबाईलवर पैसे पाठवून होते. तिथे बँका कमी पण मोबाईल पैसा आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधीपासून घराघरात आहे, साध्या बटणाच्या फोनवर चालतो. बाजारात ज्वारी आहे पण घ्यायला पैसे नाहीत अशी स्थिती असेल तर रोख सगळ्यात चांगली, बाई आपल्या गरजेप्रमाणे धान्य घेते, पाणी घेते, उधारी फेडते, आणि स्थानिक दुकानदारही जगतो. बाजारातच माल नसेल तर मात्र रोख देऊन नुसते भाव वाढतात, तिथे पोतीच लागतात, हुदूरसारख्या ठिकाणी तेच.

पुण्यात आमच्या जुन्या सोसायटीत काही सोमाली विद्यार्थी राहायचे, पुण्यात पूर्वीपासून शिकायला येतात ते. त्यातला एक मुलगा महिन्याच्या महिन्याला घरी पैसे पाठवायचा, स्वतः विद्यार्थी असून, पार्टटाइम काम करून. मी विचारलं की एवढ्याशा पैशात काय होतं, तर म्हणाला की पाणी. गावात टँकर येतो तो विकतचा, आई पैसे देऊन शेळ्यांना पाणी पाजते, नाहीतर शेळ्या जातील. सोमालियाला परदेशातल्या नातेवाईकांकडून दरवर्षी एक अब्ज डॉलरच्या वर पैसे जातात, आणि ही मदत कुठल्याही संस्थेच्या आधी पोहोचते कारण मुलाला आईचा आवाज फोनवर ऐकून कळतं की परिस्थिती काय आहे, त्याला अहवालाची वाट बघावी लागत नाही.

या सगळ्यात मला सारखी माझी आजी आठवते. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, गावापासून चार-पाच किलोमीटरवर पाझर तलावाचं काम होतं. मजुरी मिळायची, सुकडी मिळायची, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खावी लागायची, तिच्या भाकरीला चव नव्हती हे ती शेवटपर्यंत सांगायची. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर 50 लाखांच्या आसपास माणसं होती. त्यातूनच पुढे तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना उभी राहिली, 1977 ला तिचा कायदा झाला. खूप हाल झाले, जनावरं गेली, कुपोषण झालं, शहरांकडे लोंढेही गेले, ते नाकारायचं नाही. पण आजीच्या घराने एक बैल विकला, दुसरा ठेवला, आणि संध्याकाळी सगळे आपल्याच घरी झोपायला यायचे. पुढच्या वर्षी पाऊस झाला तेव्हा पेरणीला माणसं शेतावर होती. हे जमलं कारण सरकार होतं, तलाठी होता, रस्ते होते, रेल्वे होती, पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणारा आमदार होता. बे आणि बकूलमध्ये यातलं जवळपास काहीच नाही. म्हणून तिथे हे करणं कठीण आहे, अशक्य नाही. सोमालियात 2020 पासून बहनानो नावाची योजना सुरू झालीये, जागतिक बँकेच्या पैशातून गरीब ग्रामीण घरांना नियमित रोख. आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती निधीने अंदाजावरच पैसे सोडण्याचा प्रयोग पहिल्यांदा तिथे केला, बोअरवेल दुरुस्त करणं, जनावरांना लस, चारा. शेवटची शेळी विकली जायच्या आधी.

कारण घर सुटल्यावर काय होतं ते दादाबमध्ये दिसतं. 1991 ला आलेल्यांची नातवंडं तिथे जन्मलीत. कामाची परवानगी नाही, छावणीबाहेर जायला पास लागतो, शिकलेली पोरं तिथेच बसून. 2016 मध्ये केनिया सरकारने दादाब बंद करायची घोषणा केली, 2017 च्या फेब्रुवारीत नैरोबीच्या हायकोर्टाने ती घटनाबाह्य ठरवली. आता नवीन कायद्याने आणि शिरिका नावाच्या योजनेने या छावण्यांना हळूहळू गावांसारखं करायचं, लोकांना काम करू द्यायचं असं ठरलंय, ही खूप चांगली गोष्ट आहे. पण नेमका त्याच वेळी 2025 मध्ये अमेरिकेने आपली मदत संस्था यूएसएआयडीच बंद केली, बाकीच्या देशांनीही हात आखडता घेतला, आणि केनियातल्या छावण्यांचं रेशन पूर्ण मापाच्या कितीतरी खाली आलं. 2100 कॅलरी हा आकडा आता कागदावर आहे. पिढ्यानपिढ्या कामाची बंदी घालून रेशनवर ठेवायचं आणि मग रेशनच कापायचं, हे मला सरळ सरळ अन्यायाचं वाटतं.

मावशीने हे सगळं वाचून परत विचारलं, मग मी पैसे देऊ की नको? मी म्हटलं दे, रोख दे, जुने कपडे पाठवायच्या भानगडीत पडू नको, कपडे पाठवण्याचा खर्च कपड्यांपेक्षा जास्त होतो आणि तिथल्या दुकानदाराचा धंदा जातो. आणि फोटो यायची वाट बघू नको. नैरोबीजवळ पूर्व आफ्रिकेचं हवामान केंद्र आहे, ते देयरच्या पावसाचा अंदाज ऑगस्टच्या शेवटाला सांगतं, बातमी छोटीशी येते, आतल्या पानावर. मावशीने फोनमध्ये ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याचा रिमाइंडर लावून घेतलाय.